आदाप्पाअण्णांचा फळा

लिहिलेले काही समोर आले की आदाप्पाअण्णा थांबत आणि ते मोठ्याने वाचत. काड्यापेटीवरचे, चहाच्या डब्यावरचे, सर्व्हिस मोटारीच्या पाठीवरचे, काहीही. वाचताना उजव्या हाताचे बोट हवेत अक्षरांच्या वळणाने फिरायचे. निपाणीच्या बाजारात मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिले ते असेच. मी भिंतीला एक पत्रक चिकटवून पळण्याच्या बेतात होतो. मागून आवाज आला, "थांब रं." पोलीस असेल असे वाटून मी खळीचा डबा पाठीमागे लपवला. पाहतो तो आमच्याच गावचे आदाप्पाअण्णा, धोतर वर खोचलेले, कोपरापर्यंत हात काळ्या रंगात. त्यांनी माझे पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत भर रस्त्यात वाचून काढले. चार माणसे जमली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मजकूर बरा हाय. पण लई गर्दी केलायस. वाचणाऱ्यानं दम कुठं घ्यायचा?"

अण्णा निपाणीत तंबाखूच्या एका वखारीत मार्का घालायचे. तंबाखूचे बोद, म्हणजे गोणपाटात शिवलेले मोठे गठ्ठे, बांधून झाले की त्यावर पत्र्याचा छापा ठेवायचा आणि काळ्या रंगाचा कुंचला फिरवायचा. व्यापाऱ्याचे नाव, पेठेचे नाव, आकडा. घर जैन शेतकऱ्याचे, भाऊ चार, जमीन बेताची. धाकटे म्हणून ते लहानपणीच वखारीत गेले. शाळा पाहिली नाही. मराठी, कानडी आणि इंग्रजी अक्षरे ते या छाप्यांवरूनच शिकले. त्यामुळे दूरदूरच्या पेठांची नावे त्यांना डोळे मिटून लिहिता येत, पण स्वतःच्या आईचे नाव लिहायला वयाची तिशी गाठावी लागली. त्या नावाचा बोद कधी निघाला नव्हता.

त्यांचे एक वाक्य ठरलेले होते. "ऐकलेलं सांगणाऱ्याचं असतंय. लिवलेलं वाचणाऱ्याचं." मी तेव्हा बेळगावात शहापुरात हातमागांच्या खडखडाटात एक खोली घेऊन राहत होतो, छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत होतो, आणि जग पत्रकांनी बदलते अशी माझी खात्री होती. अण्णांचे ते वाक्य मी एका पत्रकाच्या माथ्यावर छापले. ते किती खोटे ठरू शकते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

आमचे गाव जुने. वेशीची कमान दगडी, तिच्यावर जुन्या कानडीतला लेख कोरलेला, बाजूला वीरगळ. दसऱ्याला वेशीला तेल घालायचे, दिवा लावायचा, आणि पाहुण्याला अभिमानाने सांगायचे की ही हजार वर्षांची आहे. सरकारी कागद मात्र वेशीवर लागत नसे. तो कुलकर्ण्यांकडे येई आणि चावडीच्या आतल्या भिंतीला, दाराच्या मागे, चिकटे. त्यातले जे गावाला कळावे असे पाटलांना आणि कुलकर्ण्यांना वाटे, तेवढ्याची दवंडी गावचा तराळ देई. तराळ वेशीबाहेरच्या महारवाड्यातला. चावडीचे अंगण रोज सकाळी तोच झाडायचा. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची त्याला मुभा नव्हती.

एका उन्हाळ्यात पटकीची साथ आली. शेजारच्या गावी सरकारी डॉक्टर टोचायला येणार, असा कागद आला आणि चावडीत लागला. दवंडी द्यायला सांगायचे राहिले. "राहूनच गेलं बघा," असे कुलकर्णी नंतर म्हणाले, जसे कोणी आमटीत मीठ राहिले म्हणावे. ज्यांची चावडीत ऊठबस होती ते गाड्या जुंपून गेले आणि टोचून आले. महारवाड्याला पत्ताच नाही. तराळाची दोन्ही मुले एका आठवड्यात गेली. ज्याच्या तोंडून सारे गाव बातमी ऐकायचे, त्याला बातमी कोणी सांगितली नव्हती. तो रोज त्या कागदापासून चार हातांवर झाडू मारीत होता.

अण्णा त्या आठवड्यात गावातच होते. पुढच्या खेपेला निपाणीहून आले ते डोक्यावर फळा घेऊन. सागवानी, दोन हात रुंद, स्वतः रंगवलेला. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस, मग तो वेशीच्या आतला असो की बाहेरचा, कमानीखालून जातो. म्हणून गावाचा आणि सरकारचा प्रत्येक कागद तिथे, बाहेरच्या अंगाला लागावा, एवढेच त्यांचे मागणे होते.

देवळासमोर बैठक भरली. मीही त्या दिवशी गावी आलो होतो.

पाटील म्हणाले, "अण्णा, गावाची अब्रू वेशीला टांगायची म्हणतासा काय?"

"अब्रू न्हाई, पाटील. कागूद."

वेशीला तेल घालायचा मान असलेले एक म्हातारे ताडकन उठले. "वेशीला खिळा मारणार? हजार वर्सांचा दगुड हाय त्यो!"

"खिळा न्हाई मारत, आप्पा. दोरीनं टांगतो."

"कशाला? वेशीवर पैलंच लिवलंय की मोप."

"ते वाचतंय कोण?"

"वाचता येत न्हाई म्हणून तर त्येला मान हाय!"

सगळे हसले. अण्णाही हसले. मग कोणीतरी विचारले, मराठीत लिहिणार की कानडीत? मराठीत लिहिले तर वरली आळी रुसेल, कानडीत लिहिले तर खालली. अण्णा म्हणाले, "बोदावर तीन भाषा मावत्यात. फळ्यावर दोन मावत न्हाईत व्हय?"

तेव्हा पाटील घसा खाकरून म्हणाले, "देवीला कौल लावू. ती म्हणंल तसं."

आमच्याकडची ही जुनी रीत. देवीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. मी अण्णांना बाजूला ओढले. म्हटले, माणसाच्या हक्काचा निवाडा फुलाची पाकळी करणार? आणि तुम्ही जैन, तुमच्या देवळात, बस्तीत, कौल नाही, तुम्ही हे मान्य कसे करता?

अण्णा शांतपणे म्हणाले, "गावाला माझं पटत न्हाई, देवीचं पटतंय. मग देवीच्या तोंडनं ऐकू दे की. काम झाल्याशी मतलब."

उजवी पाकळी गळली. घंटा वाजली. पाटलांचाही विरोध क्षणात विरघळला. त्यांनी स्वतः फळ्याला हळदकुंकू लावले, हार घातला, नारळ फोडला. फळा कमानीला टांगला गेला. अण्णांनी कुंचला घेतला आणि दोन्ही लिप्यांत लिहिले, 'गावच्या सर्व लोकांस कळावे', आणि खाली डॉक्टर पुन्हा येण्याचा दिवस. त्यांचे डोळे भरून आले होते. खरे सांगतो, माझेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तराळ वेशीपाशी आला. गावचा निरोप घेऊन तो वखारीत येई, तेव्हा गेले वर्षभर अण्णा त्याला मातीत बोटाने अक्षरे शिकवत होते. तो फळ्यासमोर उभा राहिला आणि अण्णांसारखेच बोट हवेत फिरवत लावू लागला, "गा... व... च्या..." तोच देवळाचा गुरव ओरडत धावला. "ए, लांब! लांब हो! देवीचा फळा हाय त्यो!"

आम्ही काय करून बसलो होतो ते तेव्हा कळले. कौल मागितला त्या घडीला फळा गावाचा राहिला नव्हता. अण्णा पाटलांकडे गेले.

"पाटील, मी फळा माणसांसाठी मागिटलावता."

"मागिटलासा देवीकडं. देवीनं दिला. आता देवीचं सोवळं पाळायला नगं?"

त्यावर अण्णांनी जे केले ते आठवले की मला अजून हसावे की रडावे कळत नाही. ते अक्षरे मोठी काढू लागले. चार बोटे, मग वीतभर. वेशीपासून चाळीस पावलांवर एक चिंच होती, तिथे तराळाला उभे राहायला हरकत नव्हती. चिंचेखालून वाचता यावे इतके मोठे अक्षर काढायचे तर फळ्यावर तीन-चार शब्दांपेक्षा जास्त मावत नव्हते. गावी असले की अण्णा रात्रंदिवस मजकूर कातरत बसत. लोक टोमणे मारीत, "काय अण्णा, आंधळ्यांसाठी लिवताय?"

"लांबच्यांसाठी," अण्णा म्हणत.

चिंचेखाली माणसे जमू लागली. तराळ वाचायचा, बाकीचे ऐकायचे. हे मानकऱ्यांच्या डोळ्यांवर आले. त्यांनी ठरवून मजकूर दिला: 'हा फळा देवीचा आहे. महारवाड्यातील लोकांनी चिंचेच्या अलीकडे अगर चिंचेखाली थांबू नये.' अक्षर अण्णांचे उत्तम, म्हणून लिहायला अण्णांनाच सांगितले.

"माझ्या हाताला ह्ये वळण न्हाई," एवढे बोलून अण्णा निपाणीला निघून गेले. कुलकर्ण्यांच्या पुतण्याने अण्णांच्याच डब्यातला रंग घेऊन ते लिहिले. पुढच्या खेपेला अण्णा आले, वेशीत थांबले आणि सवयीने मोठ्याने वाचू लागले. अर्ध्यावर त्यांचे बोट हवेतच राहिले. ते घरी गेले, रॉकेल आणि चिंधी घेऊन आले आणि भर दुपारी, सगळ्यांदेखत, ती दोन्ही वाक्ये पुसून टाकली.

ही बातमी मला बेळगावात कळली. मी त्याच दिवशी पत्रक लिहायला बसलो. 'फळा देवीचा की माणसांचा?' असा मथळा दिला. तराळाचे नाव लिहिले, त्याच्या मेलेल्या मुलांबद्दल लिहिले, तो अक्षरे शिकला आहे हे अभिमानाने लिहिले. नावाशिवाय सत्याला धार येत नाही, असे मी मानत होतो. कोणाला विचारले नाही. ज्याचे नाव, त्यालाही नाही.

पत्रक माझ्या आधी गावात पोहोचले. गाव अण्णांचे काय वाकडे करणार होते? घर जैनांचे, भाऊबंद मोठे. भावांनी त्यांच्या वतीने देवीपुढे नारळ ठेवून माफी मागितली आणि प्रकरण मिटले. फळा पुन्हा रंगवला गेला, तोच मजकूर. राग फिरला तो तराळावर. "ह्यो अक्षरं शिकला, ह्येनंच अण्णाला फूस लावली," असे ठरले. त्याच्या घराचे छप्पर ओढून पाडले. चावडीचे काम काढून घेतले. बायकोला घेऊन तो गाव सोडून निघाला आणि वाटेत वखारीच्या दारात उभा राहिला.

"अण्णा," तो म्हणाला, "तुमचा फळा गेला. आमचं घर गेलं."

त्याच्या आवाजात राग नव्हता, असे अण्णांनी मला सांगितले. दवंडी देताना बोलायचा तसाच बोलला, म्हणे.

त्यानंतर अण्णांचे मोठ्याने वाचणे थांबले. बाजारातून जाताना ते खाली मान घालून जात. मी एकदा नवे पत्रक त्यांच्या हातात दिले. त्यांनी घडी करून खिशात ठेवले. म्हटले, "वाचा की, अण्णा."

"दिसत न्हाई रं आता."

हे खरे नव्हते. बोदावरचा त्यांचा छापा अजून तसूभरही हलत नव्हता. माझ्या चुकीबद्दल ते मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

दोनेक वर्षांनी एका गाडीवानाने बातमी आणली की तराळ लोंढ्याला रेल्वेच्या गँगवर दिसला. अण्णांनी सुटी घेतली, माझ्या खोलीवर मुक्काम केला आणि सकाळच्या गाडीने लोंढ्याला गेले. मी बरोबर येतो म्हटले, तर "तू नगं" म्हणाले. संध्याकाळी परतले. पायरीवर बसून बराच वेळ पाणी पीत राहिले.

"भेटला?"

"दिसला."

मग हळूहळू सांगू लागले. सकाळपासून ते फलाटाच्या टोकाला एका बाकावर बसून होते. समोर गँग रुळांखालचे लाकडी स्लीपर वाहून नेत होती, त्यात तो होता. अंगाने भरला होता. दुपारी सगळे गोल करून जेवायला बसले. एकच घागर होती. सगळे त्याच घागरीतले पाणी पीत होते, आणि तोही. एकाने त्याला हाक मारली, वेगळ्याच नावाने. तो त्या नावाला ओ देऊन हसला.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय म्हणून हाक मारू? माझ्या तोंडात त्याचं जुनंच नाव बसलंय. त्या नावानं हाक मारली असती, तर आणि एक गाव सुटलं असतं त्याचं."

"त्याने तुम्हाला पाहिले?"

"बघितला. एकदा. मग दुसरीकडं बघाय लागला." तांब्या खाली ठेवत म्हणाले, "बरं केला."

त्याच साली अण्णा गेले. तंबाखूच्या धुळीने छाती धरली होती. स्वराज्य उंबऱ्यावर आले आहे, असे सगळे म्हणतात आणि मीही तसेच छापतो. आमच्या वेशीवर फळा आहे, आणि दर दसऱ्याला तेलाबरोबर त्या दोन वाक्यांनाही नवा रंग मिळतो.

अण्णा गेल्याचे लोंढ्याला कळवावे असे मला फार वाटले. कागद घेऊन बसलो. पत्र कोणत्या नावाने पाठवायचे, हे मला माहीत नव्हते. ते नवे नाव अण्णांनी ऐकले होते. मला सांगितले नव्हते.