नळाचा फोटो

सगळे त्यांना फोटोकाका म्हणत, आणि त्यांनी कॅमेरा काढला की काहीतरी निमित्त सांगून सटकत.

काका शाळेत असताना मामाने त्यांना स्वतःचा जुना कॅमेरा दिला. पहिलाच फोटो त्यांनी आत्याचा काढला, तोंड उघडं टाकून घोरतानाचा. आत्याने मामाशी कायमचं बोलणं सोडलं, पण पोराला वेड लागलं ते लागलंच.

पुढे ते पाणीपुरवठा खात्यात कारकून झाले. स्वतःच्या लग्नात, फोटोग्राफरला उजेड कळत नाही म्हणून त्यांनी त्याचा कॅमेरा काढून घेतला. परिणामी लग्नाच्या सगळ्या फोटोंत बायको एकटीच. "माझं लग्न कुणाशी झालं याला पुरावा नाही," असं ती येईल त्याला ऐकवी.

एकदा खात्याने चौकात नळ बसवला. मोठे पाहुणे आले, फीत कापली, तोटी फिरवली. नळातून फुस्स आवाज आला आणि एक झुरळ बाहेर पडलं. टाळ्या मात्र ठरल्याप्रमाणे पडल्या. काकांनी नेमकं तेवढंच टिपलं.

साहेबांनी फोटो पाहिला. "यात पाणी कुठंय?"

"पाणी आलंच नाही, साहेब."

"ते मला माहीत आहे! फोटोत का नाही, ते विचारतोय!"

काकांची बदली तळघरात, जुन्या फायलींच्या खोलीत झाली. खिडकी नाही, माणूस नाही. सहकारी हळहळले. काका घरी आले ते शीळ घालत. "अगं, फिल्म धुवायला इतका अंधार मागूनसुद्धा मिळत नाही!" लवकरच कपाटांना दोऱ्या बांधल्या गेल्या आणि फायलींवर ओले फोटो ठिबकू लागले.

मग साहेबांच्या मुलीचं लग्न निघालं आणि ठरलेला फोटोग्राफर ऐनवेळी आजारी पडला. साहेब स्वतः तळघरात उतरले. घुटमळत म्हणाले, "खरं काढा, पण सगळं काढू नका."

काकांनी सगळं काढलं. जेवणावर तुटून पडलेले पाहुणे, रुसलेले व्याही, पेंगणारे नवरदेव. एका फोटोत मुलगी सासरी निघून गेल्यावर साहेब खुर्च्यांच्या ढिगाआड उभे राहून बाहीने डोळे पुसत होते. तो फोटो साहेबांनी गठ्ठ्यातून वेगळा काढला. मग म्हणाले, "याची मोठी प्रत करा. आणि उद्यापासून वर या, तुमच्या जुन्या जागेवर."

काका दोन्ही हात हलवत म्हणाले, "नको हो साहेब! वर फार उजेड आहे."