भातातला किडा, शेवाळातला किडा

माझ्या प्रबंधात दोन किडे आहेत. दोघेही रोव्ह बीटल कुळातले: पंख आखूड, पोट उघडं आणि ते वर करून पळायची सवय.

पहिला धामापूरला, माझ्या माहेरच्या भाताच्या बांधावर राहतो. नारिंगी-काळा, देखणा, पण मानेवर चिरडला तर भाजल्यासारखे फोड. मी दोनदा चिरडला. दोन्ही वेळा शेजारणींनी ‘नागीण’ ठरवून गेरू फासला. किड्याचा अभ्यास करणारीचं कोण ऐकतंय? पण तो भातावरची कीड खातो, म्हणून मी त्याला माफ केलं.

दुसरा काळपट, सामान्य. किनाऱ्यावर कुजणाऱ्या शेवाळाखाली राहतो, तिथल्या अळ्या खातो, कोणाच्या वाटेला जात नाही. साहजिकच त्याला मी शेवटी ठेवलं. ‘सोमवारी दहा नमुने आणा, नाहीतर प्रबंध पुढच्या वर्षी,’ असं मार्गदर्शकांनी बजावलं, तेव्हा तो आठवला.

शनिवारी कॉलेजची किनारा स्वच्छता मोहीम होती. प्रमुख मीच. ‘एक काडी दिसता कामा नये,’ असं मी भोंग्यावरून सांगितलं. मुलांनी प्लास्टिक उचललं, मग शेवाळही. एक म्हातारी टोपलीभर शेवाळ घेऊन निघाली होती. तिलाही मी सर्वांसमोर झापलं, ‘आजी, कचरा परत पसरवू नका.’

‘बाईनू, ह्यो कचरो न्हय,’ एवढंच म्हणून ती टोपलीसकट गेली.

शेवाळ ट्रॅक्टरवर चढताना माझा फोटो निघाला. त्यात मी हसते आहे.

रविवारी बाटल्या घेऊन किनाऱ्यावर गेले, तर नुसती वाळू. दोन तास फिरले. एक किडा नाही. रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात टोपली आठवली.

म्हातारीचं घर किनाऱ्यालगतच. माडांच्या आळ्यांत तिने ते शेवाळ घातलं होतं. इथे खत म्हणून घालतातच, मलाही ते लहानपणापासून ठाऊक होतं. मी ओशाळून किडे मागितले. तिने माडांकडे बोट दाखवलं. मी गुडघ्यांवर बसून ओलं शेवाळ उचकलं. अकरा मिळाले.

उठताना म्हटलं, ‘आजी, काल चुकलं माझं.’

‘व्हया तितके न्हेवा,’ ती म्हणाली, ‘फक्त माझ्या माडाखाल साफसफाई करू नकात.’