उघाडीपर्यंतची हद्द

आमच्या गावात शिरताना एसटीच्या थांब्याजवळ एक निळा फलक लागतो. त्यावर खाली ग्रामपंचायतीचं नाव आहे, पण वरची दोन वाक्यं माझी आहेत.

मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. दाखले काढते, लोकांचे अर्ज भरून देते, ग्रामसभेचं इतिवृत्त टाइप करते. या गावातली मी पहिली पदवीधर मुलगी. त्यामुळे लग्नपत्रिकेच्या मजकुरापासून विजेच्या तक्रारीपर्यंत सगळं लोक माझ्याकडून लिहून घेतात. "हिच्या लिवण्यात चूक निघत न्हाय," असं म्हणतात. मला ते ऐकायला आवडायचं.

मी बी.ए. झाले त्यात पाववाल्या चाचांचा वाटा मोठा आहे. चाचा खाडीपलीकडच्या गावातले. घरामागे त्यांची पावाची भट्टी. रोज सकाळी सायकलच्या मागे मोठी टोपली बांधून, तिच्यावर प्लास्टिकचा कागद घालून ते यायचे आणि रबरी भोंगा वाजवायचे. आमच्याकडे अर्धी लादी लागायची. ते पाव रद्दीत गुंडाळून द्यायचे. पाव संपला की मी पायरीवर बसून तो कागद वाचायची. एकदा त्यांनी ते पाहिलं.

"काय वाचतंस गो?"

"कायपण," मी म्हणाले. तेव्हा मी पाचवीत असेन.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या पावाला मराठी कागद यायला लागला. शेजाऱ्यांना गुजराती, इंग्रजी, कसलाही. दहावीच्या वर्षी तर ते सरावाच्या प्रश्नपत्रिकांचं पान रद्दीतून वेगळं काढून, घडी घालून आणायचे. "पावाला दुसरा कागद हाय, हा तुला." बारावीनंतर वडील म्हणाले, झालं तेवढं पुरे. तेव्हा चाचा सायकल कुडाला टेकवून त्यांना म्हणाले, "एवढी रद्दी वाचली पोरीनं, ती फुकट घालवू नको." वडिलांना हसू आलं. त्या हसण्यावर मी अलिबागच्या कॉलेजात गेले.

आता आईवडील नाहीत. घराच्या अर्ध्या भागात भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलं राहतात. अर्ध्या भागात मी एकटी. मधे एक भिंत आहे आणि पुढची पडवी सामायिक.

नवं सरकार आलं त्या दिवशी भावाने पडवीसमोर फटाक्यांची माळ लावली. तो न्हावा शेव्याकडे कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर आहे. त्याचा आनंद खोटा नव्हता. "आता आपल्या लोकांचं राज्य आलं," तो म्हणाला. "आपले सण, आपला धरम, कुणाला दबून ऱ्हायाची गरज न्हाय."

"तू कुणाला दबून होतास?"

"तुला न्हाय कळायचं, बाय. तू कचेरीत बसतेस. यार्डात माझी बोली ऐकून हसतात लोक. कपाळाला टिळा लावून गेलो की इंजिनीअर विचारतो, आज काय पूजा हाय काय. आता विचारून दाखवू दे."

हे मला खरंच माहीत नव्हतं. पण तो जे सांगत होता त्याचा सरकारशी काय संबंध, तेही मला कळलं नाही. मी वाद घातला नाही. मत कुणाला दिलं हे त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आमच्यातलं बोलणं तेव्हापासून कमी झालं.

गावातही तसंच होतं. देवळाच्या कट्ट्यावर पूर्वी संध्याकाळी एकच घोळका बसायचा, आता दोन बसायला लागले. मुलींनी काय घालावं, कुणी कुणाशी लग्न करावं, शाळेत काय शिकवावं, यावर पूर्वी कधी न बोललेली माणसं तावातावाने बोलायची. ज्यांना भीती वाटत होती ती बोलायची नाहीत. मोबाईलवरच्या गावाच्या ग्रुपवर मी कितीदा तरी उत्तर टाइप केलं आणि पुसून टाकलं. माझी नोकरी कंत्राटी आहे, हे एक कारण होतं. दुसरं कारण असं की मला लिहून द्यायची सवय होती ती दुसऱ्यांसाठी. स्वतःसाठी काय लिहायचं ते सुचायचं नाही. मुंबईहून कॉलेजातली मैत्रीण फोन करायची. "तुमच्याकडे कसं आहे गं?" मी म्हणायची, "शांत आहे."

मग ती ग्रामसभा झाली. त्या महिन्यात दोघांच्या शेतावरचे पंप चोरीला गेले होते. गावातल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष उठला आणि म्हणाला, बाहेरचे फेरीवाले गावात येऊन टेहळणी करतात, त्यांना बंदी घाला. बाहेरचे म्हणजे कोण, तेही त्याने धर्माचं नाव घेऊन सांगितलं.

आमच्या आळीतले आबा उठले. खताच्या कारखान्यात जन्मभर कामगारांसाठी भांडलेले. "चोर काय धरम सांगून पंप उचलतो काय रं? माझा पंप तर सख्ख्या पुतण्यानं नेलावता!"

सभा हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "आबा, तुमचं सरकार ग्येलं आता. बसा खाली!"

"सरकार ग्येलं, माझी जीभ न्हाय ग्येली!"

मग सगळेच उठले. खुर्च्या सरकल्या. ग्रामसेवकांनी रुमालाने मान पुसली. धर्माचं नाव ठरावात घातलं तर त्यांच्या अंगाशी येणार होतं, नाही घातलं तर सभा त्यांना सोडणार नव्हती. ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मॅडम, नियमात बसेल असं काहीतरी करा ना."

मी केलं. मला ते सहज जमलं. मी टाइप केलं आणि उभं राहून वाचलं: "ग्रामपंचायतीच्या हद्दीतील रहिवासाचा दाखला नसलेल्या फेरीवाल्यांना हद्दीत विक्रीसाठी प्रवेश राहणार नाही. ही अट सर्वांना सारखीच लागू राहील."

सभा थंड झाली. अध्यक्ष म्हणाला, "चालंल." आबा पुटपुटले, "निदान कुणाचं नाव तरी न्हाय." सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, ठराव मंजूर झाला. मला वाटलं, मारामारी टळली ती माझ्यामुळे. दुसऱ्या वाक्यावर तर मी खूश होते. अट सगळ्यांना सारखी म्हटल्यावर ती कुणावरच खरी लागू होणार नाही, असा माझा हिशेब होता. त्या वेळी चाचा माझ्या मनातसुद्धा आले नाहीत. आमच्या दारात ते इतकी वर्षं येत होते की ते फेरीवाले आहेत हे मी विसरूनच गेले होते.

फलक लागला. दुसऱ्या दिवशी थळची मासळीवाली नेहमीसारखी आली. प्लास्टिकच्या बादल्यांचा टेम्पो कर्णा लावून आला. गाद्या पिंजणारा आला. कुणी कुणाला अडवलं नाही. फक्त पावाचा भोंगा वाजला नाही. दोन दिवस, चार दिवस. वहिनी म्हणाली, "आजारी असतील." मीही तेच धरून चालले.

आठव्या दिवशी मासळीवालीने माझ्या ताटात बोंबील मोजून टाकता टाकता सांगितलं, "तुमचा पाववाला त्या बोर्डापाशी उतरला, सगला वाचला नि सायकल फिरवली. मी म्हनलं, चल रं, मना कोन अडवतंय! तर म्हनतो, तुला न्हाय अडवनार, माय."

मी बोंबील तसेच पडवीत ठेवून आत गेले.

रविवारी मी बांधावरून चालत खाडीवर गेले आणि होडीने पलीकडे उतरले. इतक्या वर्षांत त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जात होते. चाचांनी खुर्ची पुसून दिली, आतून चहा आणि खारी आणवली. मी विषय काढायच्या आधीच म्हणाले, "बोर्ड वाचला. तुझंच लिवणं. दुसऱ्या कुणाला एवढं नीट येतंय?"

ते टोमणा मारत नव्हते. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

"चाचा, तुम्हाला कुणी काही बोललं का?"

"न्हाय ना. कुणी बोलायच्या आधीच फिरलो. अडवल्यावर फिरलो असतो, तर त्या पोरांशी कायमचं वाकडं आलं असतं. तुझ्या भावाला मी अंगणात रांगताना बघितलाय. त्याच्या तोंडून काय ऐकायचं?"

मी म्हणाले की मी काहीतरी करते, दाखल्याचं बघते. त्यांनी मान हलवली. "मी ऱ्हातो इथं, दाखला तिथला कसा मिळंल? खोटा कागद करू नको माझ्यासाठी."

निघताना मी शब्द दिला की पुढच्या ग्रामसभेत ठराव रद्द करायला लावीन. ते म्हणाले, "बघ. पण तुझी नोकरी सांभाळ." आणि पाव गुंडाळायला त्यांनी रद्दीच्या गठ्ठ्यातून दोन कागद बाजूला सारून तिसरा काढला. तो मराठी होता.

पुढची ग्रामसभा येईपर्यंत मी चार-पाच जणांना सांगून पाहिलं. वहिनी म्हणाली, "ताई, तुमचं खरं हाय, पण मला यात घेऊ नका." पुरुष म्हणाले, बघू. आबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे मुंबईला गेले होते.

ग्रामसभेच्या दिवशी मी संगणकापुढून उठून लोकांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. सभेत मी नेहमी वाचत आले होते, बोलले कधी नव्हते. "फेरीवाल्यांच्या ठरावातली भाषा माझी होती," मी म्हणाले. "ती चूक झाली. अट सगळ्यांना सारखी लागलीच नाही, एकाच माणसाला लागली. तो ठराव रद्द करावा अशी सूचना मी मांडते."

सरपंचबाई चांगल्या आहेत. त्यांनी दोनदा विचारलं, "अनुमोदक कोण?"

माझा भाऊ तिसऱ्या रांगेत होता आणि मोबाईलकडे बघत होता. मोबाईलचा पडदा काळा होता, हे मला उभ्या जागेवरून दिसत होतं.

"मॅडम, पाव पायजे तर ऑनलाइन मागवा," मागून कुणीतरी म्हणालं. हसले सगळे नाहीत, पण हात कुणाचाच वर झाला नाही. ग्रामसेवक म्हणाले, "पुढचा विषय."

मी परत संगणकापुढे जाऊन बसले, कारण पुढच्या विषयाचं इतिवृत्त मलाच लिहायचं होतं. माझ्या सूचनेपुढेही मीच टाइप केलं: "अनुमोदक न मिळाल्याने विचारात घेतली नाही."

त्यानंतरच्या आठवड्यात कसल्याशा कामासाठी जुने नकाशे काढले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या ग्रामपंचायतीची हद्द उघाडीपाशी संपते. खाडीच्या बांधात भरती-ओहोटीचं पाणी अडवायला आणि सोडायला जी दारं असतात, ती उघाडी. घरांपासून वीस मिनिटांची चाल. मी चाचांना फोन केला.

"म्हणजे उघाडीच्या पल्याड मी उभा ऱ्हायलो तर चालतंय?"

"तिथे आमचा ठराव नाही लागत."

ते बराच वेळ हसले. "शिकलीस खरी," म्हणाले.

त्या मंगळवारी सकाळी शेतांपलीकडून भोंगा ऐकू आला. मी गेले. ते उघाडीच्या पलीकडे सायकल धरून उभे होते, मी अलीकडे. लादी हातात घेतली. बोलायला फारसं काही नव्हतं. पाणी किती आहे, वारा कुठला आहे. पहिल्या आठवड्यात आणखी दोन बायका आल्या, मग त्या यायच्या थांबल्या. जाताना काही वाटत नाही. परत येताना हातात पाव असतो आणि दोन्ही बाजूंची शेतं उघडी असतात. सगळ्यांना दिसतं. पूर्वी शेतातून हाक यायची, "काय गो, कुठं निघालीस?" आता कुठून येतेय ते माहीत असल्यामुळे कुणी विचारत नाही.

चाचा आठवड्यातून दोनदा येतात. एका लादीसाठी एवढं लांब येणं त्यांना परवडत नाही, हे दोघांनाही माहीत आहे. पावसाळ्यात बांध निसरडा झाला की तेही बंद होणार. त्यांचा मुलगा म्हणतो, आता फेरी पुरे करा.

गेल्या आठवड्यात भाऊ ड्युटीला निघताना पडवीत बूट घालत बसला होता. माझ्या ताटलीतल्या पावाकडे बघून एकदम म्हणाला, "मी मत दिलं ते चाचाला बंद करायला न्हाय दिलं, बाय."

"मग हात का वर केला नाहीस?"

तो नाडी बांधत राहिला. "तिथं सगळे माझेच दोस्त बसलेले," म्हणाला. गाडीला किक मारली आणि मग मागे न बघता, "शुक्रवारी एक लादी जास्त आण."

शुक्रवारी मी दोन लाद्या मागितल्या. चाचांनी कुणासाठी ते विचारलं नाही, दुसरी लादी जरा निवडून दिली. दुपारी मी ती भावाच्या दारात घेऊन गेले. सोबत ठराव रद्द करण्याचा अर्ज होता, नव्याने टाइप केलेला. सूचकापुढे माझी सही होती. अनुमोदकापुढची जागा मोकळी होती.

भावाने पाव घेतला. अर्ज उभ्याउभ्या वाचला. त्याला वाचायला वेळ लागतो, मी थांबले.

"तुझ्या वहिनीनं चहा टाकलाय," तो म्हणाला. "बस."

मी बसले. त्याने पाव चहात बुडवून खाल्ला, आम्ही दोघं लहानपणी खायचो तसा, काठ आधी आणि मधला भाग शेवटी. सरकारबद्दल कुणी बोललं नाही. उठताना मी अर्जाकडे हात केला.

"ऱ्हाऊ दे इथं," तो म्हणाला आणि देवाच्या फळीवर, पंचांगाखाली, तो ठेवून दिला.

पुढची ग्रामसभा भातलावणी झाल्यावर आहे. अर्ज अजून तिथेच आहे. मी रोज पडवीतून जाताना त्याच्या उघड्या दारातून बघते. त्याने तो सही करून दिलेला नाही, आणि परतही केलेला नाही.