तीन बोटांचं अंतर

वटारच्या आलोशियस मिस्त्रीपुढे बाळाच्या खाटेचा विषय काढायचा नाही, असा गावात अलिखित नियमच होता. काढला की माणूस अर्धा तास अडकला. आलोशियस हातातला रंधा खाली ठेवणार, चष्मा कपाळावर ढकलणार आणि जगातल्या सगळ्या खाटा एकेक करून निकालात काढणार. आढ्याला टांगलेली झोळी? मूल कुशीवर वळेपर्यंत ठीक, पुढे झोळीत त्याचं तोंड दबतं. मुंबईच्या दुकानातली लोखंडी कॉट? तिच्या रंगाचे पोपडे निघतात आणि पोरं ते खातात. शिवाय तिला चाकं असतात, म्हणजे ती खाट की हातगाडी? वेताचा पाळणा? त्याची टोकं बाळाच्या डोळ्यांत जातात. राहता राहिली आलोशियसने स्वतः केलेली फणसाच्या लाकडाची खाट, डोक्याशी-पायाशी फळी आणि दोन्ही लांब बाजूंना उभ्या गजांचा कठडा असलेली. तिच्यात काडीचाही दोष नसे. असला तरी तो दाखवायची कोणाची छाती नव्हती.

छाती का नव्हती, ते सेबॅस्टियनला विचारावं. हा आलोशियसचा शेजारी, पानवेलीची वाडी करणारा गरीब स्वभावाचा माणूस. एकदा रविवारी मिस्सेची प्रार्थना संपल्यावर देवळाच्या दारात तो सहज बोलून गेला, की डावीकडचं तिसरं बाक जरा डुगडुगतंय. ते बाक आलोशियसने केलेलं होतं. आलोशियस एक शब्द न बोलता घरी गेला आणि पुढची दोन वर्षं त्याच्याशी बोलला नाही. सेबॅस्टियनच्या लग्नाला आला, पोटभर जेवला, नवरी सालोमीच्या डोक्यावर हात ठेवला आणि नवऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाकाचा पाय मात्र त्याने दुसऱ्याच दिवशी गुपचूप पक्का केला होता. अबोला सुटला तो सालोमीला मुलगी झाली तेव्हा. आलोशियस आपण होऊन नवी कोरी खाट घेऊन त्यांच्या ओट्यावर उभा राहिला आणि जणू मधे काहीच घडलं नव्हतं अशा थाटात म्हणाला, "सेबॅस्टियन, जरा हात लाव."

खाटेच्या कामात त्याची एकच रीत होती. ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली तो शिकला, त्याने सांगून ठेवलं होतं, की फुटपट्टी बाकांना आणि दारांना, बाळाच्या खाटेला मात्र आपली बोटं. दोन गजांमध्ये डाव्या हाताची तीन बोटं जुळवून धरायची, ती मधल्या सांध्यापर्यंत जेमतेम गेली पाहिजेत, तेवढीच फट. पहिली खाट त्याने छप्पन्न साली स्वतःच्या मुलीसाठी, रोझमेरीसाठी केली. एका बाजूला चौदा गज, दोन बाजू मिळून अठ्ठावीस. पुढे गावात जेवढ्या खाटा केल्या, तेवढ्यांना त्याने दर वेळी अठ्ठावीस गज तासून ठेवले.

अलीकडच्या पाच-सहा वर्षांत त्यातले चार गज दर वेळी उरायला लागले. आलोशियसला याचा अभिमानच वाटे. "हात बसला की लाकूड वाचतं," असं तो बायकोला, लिडियाला सांगे. लिडिया ते उरलेले गज परसात घेवड्याच्या वेलांना टेकू म्हणून रोवी. खाटेची लांबी तेवढीच आणि गज कमी, हे कसं, असा प्रश्न दोघांनाही पडला नाही. त्याला हिशेब येत नव्हता असं नाही. स्वतःचं काम मोजायची त्याची सवय सुटली होती, इतकंच.

याच वर्षांत त्याच्या बोटांचे सांधे सुजायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, वात आहे. लग्नाची अंगठी साबण लावून काढावी लागली, ती पुन्हा बोटात जाईना. लिडियाने ती रोझरीच्या डबीत ठेवली. त्या दिवशी तो जेवला नाही.

आणखी एक गोष्ट त्याला सलत होती. सालोमीने त्याच्या खाटेला आतून गोधडी गुंडाळली होती, चिंध्यांच्या गाठी मारून, दोन्ही बाजूंना. खालच्या आळीतल्या क्लेमेंटीनकडे तर जुनं लुगडं. "एकेक गज घोटून गुळगुळीत करायचा आणि या बायांनी तो फडक्यात बांधून ठेवायचा!" तो घरी येऊन चरफडला.

"पोरांना वारा लागत असेल," लिडिया म्हणाली.

"वाऱ्याची भारीच भीती हो आजकालच्या बायांना."

ब्याऐंशी साली रोझमेरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ती मुंबईत एका इस्पितळात मुलांच्या वॉर्डात नर्स होती. तिच्या नवऱ्याने, प्लासिडने, दादरच्या दुकानात एक लोखंडी कॉट पसंत करून ठेवली होती, फक्त तिच्या होकाराची वाट होती. ती म्हणाली होती, "आधी पप्पांची बघते, मग सांगते." आलोशियसला हे कळलं तेव्हा तो हसला. बघण्यासारखं त्यात काय होतं?

नवी खाट पडवीत उभी होती, अळशीच्या तेलाने चकाकत. रोझमेरीने ती दोन्ही हातांनी हलवून पाहिली. तळाच्या फळ्या दाबल्या, कुसळ टोचतं का म्हणून गजांवरून तळवा फिरवला. कठडा तिच्या कमरेच्या वर येत होता, तेही तिला पसंत पडलं. आलोशियस बाजूला उभा राहून एकेका गोष्टीला मान डोलावत होता. मग तिने लिडियाच्या शिवणाच्या डब्यातली टेप आणली आणि दोन गजांमध्ये धरली. पुन्हा धरली.

"पप्पा, ही फट किती ठेवलीत?"

"तीन बोटं. तुझ्या वेळी ठेवली तेवढीच."

"पावणेतीन इंच भरते. आमच्या वॉर्डात अडीचच्या वरची कॉट घेत नाहीत."

"कॉट नाय ती. खाट हाय."

"बाळाचं डोकं मोठं असतं आणि अंग लहान," रोझमेरी शांतपणे म्हणाली. "झोपेत ते सरकतं. पाय बाहेर जातात, मग कंबर, मग छाती. डोकं जात नाही. मग ते गळ्यावर लटकतं. मी पाहिलंय असं एक."

"तू वाढलीस की त्याच फटीत!" आलोशियस कडाडला. मागच्या खोपीत रोझमेरीची जुनी खाट पडली होती. वाळवीने तिचा एक पाय खाल्ला होता, म्हणून तर नवी करावी लागली. मुलीचं तोंड बंद करायला तो स्वतः गेला, खाटेवरचे नारळ खाली ओतले आणि तिला फरफटत पडवीत आणून नवीच्या शेजारी उभी केली. "हे बघ," म्हणत त्याने तीन बोटं जुळवली आणि जुन्या गजांमध्ये घातली.

बोटं गेली नाहीत. टोकाच्या पहिल्याच सांध्यावर अडकली.

त्याने शेजारच्या फटीत घालून पाहिली. मग उजव्या हाताची. मग खाली वाकून जुन्या खाटेचे गज मोजले, चौदा. नवीचे मोजले, बारा. लिडिया दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं आणि मग परसातल्या घेवड्याच्या टेकूंकडे. टेप रोझमेरीच्या हातात तशीच राहिली.

आलोशियसच्या मनात आधी नातवंड आलं नाही. आली ती तीन घरं. सुजलेल्या बोटांनी केलेल्या बाकीच्या खाटांतली मुलं मोठी झाली होती, पण या तीन खाटांत अजून बाळं निजत होती. सालोमीची इझाबेल, क्लेमेंटीनचा मुलगा आणि खाडीकाठच्या गावातल्या श्रीपतची नात.

"ऐका," लिडिया हळूच म्हणाली, "तेल द्यायचं राहिलं म्हणून खाटा घरी आणा. दुरुस्त करा, परत द्या. कोणाला कळायचं पण नाय."

हा सल्ला त्याला फार आवडला. तीस वर्षांचं नाव एका फटीतून खाली पडणार होतं, ते अलगद झेलता येत होतं. वरच्या-खालच्या पट्ट्या नव्या करायच्या, चौदा भोकांच्या, की झालं. तो लाकूड निवडायलाही लागला.

"किती दिवस लागतील?" रोझमेरीने विचारलं.

"पंधरा."

"आणि तोवर मुलं झोपणार कुठे?"

त्याने चपला घातल्या आणि भर दुपारी बाहेर पडला.

क्लेमेंटीनला त्याने उंबऱ्यावरूनच सांगितलं, की माझ्या मापात चूक झाली, मूल खाटेत घालू नको, दुरुस्त करेपर्यंत खाली निजव. ती खाली मान घालून म्हणाली, "बरं झालं सांगितलंत." ती दचकली कशी नाही, याचं त्याला नवल वाटलं. हिला समजलं नसावं, असं वाटून त्याने सगळं पुन्हा मोठ्याने सांगितलं.

तिथून तो एसटीने श्रीपतकडे गेला. श्रीपत भातशेती करणारा, मोकळा माणूस. त्याच्या घरच्या खाटेला गोधडी नव्हती. गजागजांतून काथ्याची दोरी आडवी-उभी विणून टाकली होती, चांगली घट्ट.

"बसा मिस्त्री, पानी घ्या," श्रीपत म्हणाला. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने मान हलवली. "आमाला ठावं हाय. नातीचा आख्खा पाय भायेर आला व्हता एकदा. मंग मी काथ्या इनला. तुमच्या गावात गोधडी बांधतात, आमच्याकडं काथ्या."

"गोधडी वाऱ्यासाठी बांधतात," आलोशियस म्हणाला.

"वाऱ्यासाठी?" श्रीपत हसायला लागला आणि मिस्त्रीचा चेहरा बघून थांबला. "पान घ्यायला सेबॅस्टियनच्या वाडीवर गेलो व्हतो, तवा त्याच्या घरातली गोधडी बघितली. म्या इचारलं, त्यानं सांगितलं. तुमाला नाय सांगितलं?"

एसटीतून परत येताना आलोशियसने खिडकीबाहेर पाहिलं नाही. तो आपल्या बोटांकडे बघत होता.

सालोमी अंगणात मासळी साफ करत होती. वर्ष-दीड वर्षाची इझाबेल ओट्यावर बसून रिकामा डबा वाजवत होती. आलोशियस आज चूक सांगायला आला होता, पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"गोधडी का बांधलीस, सालोमी?"

सालोमीचा हात थांबला. मग तिने सांगितलं. मुलगी सहा महिन्यांची होती. सालोमी चुलीपाशी होती आणि मुलीचा आवाज चमत्कारिक आला. धावत जाऊन बघते तर अंग बाहेर, गळ्यापर्यंत, आणि हनुवटी गजांत अडकलेली. चेहरा काळानिळा. सेबॅस्टियनने दोन गज ताकदीने फाकवून धरले, तिने कानशिलांना खोबरेल चोळलं आणि डोकं बाहेर काढून मूल सोडवलं. त्याच संध्याकाळी गोधडी बांधली. दुसऱ्या दिवशी क्लेमेंटीनला सांगून आली.

"आणि मला?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, काका."

"वाईट वाटलं असतं! पोर मेली असती तर?"

"काका," सालोमी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती फक्त झालं ते सांगत होती. "एका बाकापायी तुम्ही ह्यांच्याशी दोन वर्षं बोलला नाय. अबोला तुटला तो या खाटेने. हिच्यातच खोट काढायची म्हणजे आम्ही तोंड कसं उघडणार?"

आलोशियसला नेहमीप्रमाणे संताप आला, पण तो कोणावर काढावा हेच कळेना. तो ओट्यावर बसला. आपल्या नावाला धक्का लागू नये म्हणून दोन घरांतल्या बाया रोज गाठी तपासत होत्या, आणि आपण त्यांना वाऱ्याला भिणाऱ्या म्हणत होतो, याची त्याला मनस्वी लाज वाटली. बोटं सुजली हा वात होता. पण गावाचं तोंड कशाने बंद झालं होतं, त्यावर डॉक्टरची गोळी नव्हती. इझाबेलने डबा त्याच्या मांडीवर आणून ठेवला. त्याने तो थोडा वेळ वाजवला.

पुढचे पंधरा दिवस त्याने दुसरं काम हातात घेतलं नाही. परसातले गज अर्धे कुजले होते, म्हणून नवे तासले. रोझमेरीची खाट सर्वांत शेवटी केली. तिने पुन्हा टेप धरली, सव्वादोन इंच भरलं आणि प्लासिडची लोखंडी कॉट दादरच्या दुकानातच राहिली. रविवारी मिस्सा सुटल्यावर आलोशियस देवळाच्या दारात उभा राहिला आणि जो भेटेल त्याला आपली चूक आपल्या तोंडाने सांगत राहिला, पार कंटाळा येईपर्यंत. ऐकणाऱ्यांना तो कंटाळा जरा आधी आला.

सालोमीची खाट त्याने स्वतः पोचवली. कठड्याला सुतळीने एक लाकडी ठोकळा बांधला होता, बरोबर अडीच इंच जाडीचा.

"हा प्रत्येक फटीत घालून बघायचा," तो म्हणाला. "महिन्यातून एकदा. लाकूड हलतं, माणसाचा हात बदलतो. कुठे आत गेला, तर त्याच दिवशी मला येऊन सांगायचं."

सालोमीने ठोकळा हातात घेतला आणि सगळ्या फटींवर लावून पाहिला. तो कुठेच आत गेला नाही. मग तिने भीत भीत विचारलं, "सांगितलं तर तुम्हाला राग येणार नाय ना, काका?"

आलोशियसने विचार केला.

"येईल," तो म्हणाला. "तरी सांगायचं."