ट्रंकेचं कुलूप

गंजक्या लोखंडाचा वास आला की ती ट्रंक आठवते. स्वातंत्र्याला वर्ष झालं होतं, नगरचं कॉलेज सोडून मी मानसशास्त्रासाठी मुंबईच्या कॉलेजात निघालो होतो. शनिदेवाच्या आमच्या गावात घरांना दारंच नव्हती, पण वसतिगृहासाठी आणलेलं कुलूप मी घरातच ट्रंकेला लावलं. आई भडकली. “देवावर इस्वास न्हाई का तुजा? घरात कुलूप चालत न्हाई,” म्हणत तिनं ट्रंक बाहेर ओट्यावर ओढली. आत माझे दाखले होते. बैलगाडी येईपर्यंत मी दहादा बाहेर जाऊन कुलूप ओढून पाहिलं. कोनाड्यात उघड्या पडलेल्या तिच्या पाटल्यांची मात्र काळजी वाटली नाही. मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालो, तरी अजून दाराचं कुलूप दहादा ओढल्याशिवाय माझ्याने जिना उतरवत नाही.