पेढे वाटून झाल्यावर

नगरपालिकेच्या शाळेत सातवीला मी पहिला आलो होतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. फक्त शाळेला माहीत नाही.

त्याचं असं झालं. निकालाच्या दिवशी मी प्रगतिपुस्तक घेऊन घरी आलो, तेव्हा अण्णा ऑफिसला निघायच्या घाईत बुटांच्या नाड्या बांधत होते.

"काय रे, कितवा?"

"पहिला!"

(खरा आकडा शेवटून तिसरा. पण 'गंमत केली' म्हणायच्या आतच अण्णांनी मला कवटाळलं होतं.) त्यांनी न वाचताच सही ठोकली आणि ते पळाले. संध्याकाळी खरं सांगून टाकू, असं मी ठरवलं. संध्याकाळी अण्णा दोन किलो पेढे घेऊन आले! भाईंदर पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगचे चारही मजले, केबिन रोडचा वाणी, इस्त्रीवाला, सगळ्यांना पेढे मिळाले. शेजारच्या शहाभाभींनी माझी दृष्टसुद्धा काढली. आता कुठल्या तोंडाने खरं सांगणार?

मग वर्षं गेली. माझं लग्न झालं, सई झाली. सई इंग्रजी शाळेत सातवीत गेली आणि मराठीत काठावर पास व्हायला लागली. मी सुनावायचो, "बापाकडे बघ जरा! साध्या शाळेत पहिला आलो होतो." सई पुन्हा पुस्तक उघडायची. माझ्या बापपणाचा सगळा डोलारा त्या एका पेढ्यावर उभा होता.

आणि गेल्या वर्षी अण्णांनी चहा पिता पिता जाहीर केलं, "शाळेला एक फिरती ढाल देतोय. सातवीत पहिला येईल त्याला. संदीपच्या नावाने."

"अण्णा, जिवंत माणसाच्या नावाने कोणी ढाल देतं का?"

"मग काय, वाट बघत बसू?"

तिसऱ्या दिवशी ढाल घरात आली. त्यावर सोनेरी अक्षरांत 'संदीप कदम प्रथम क्रमांक ढाल'. मला दरदरून घाम फुटला.

कार्यक्रमाला आम्ही सगळे गेलो. पटांगण केवढं लहान झालं होतं! पाण्याची टाकी मात्र तीच, आणि तिच्या नळाला तोंड लावायची पोरांची पद्धतही तीच. मलाही एकदा त्या नळाला तोंड लावावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. (एकदा बोललो तेवढं पुरे झालं होतं.) तेवढ्यात मुख्याध्यापिका पुढे आल्या. सुषमा पाटील! आमच्या वर्गात खरोखर पहिली आलेली! तिची आई चौक गावाहून मासळी घेऊन आमच्या बाजारात यायची, आणि ही त्याच पहिल्या बसने शाळेला.

"अरे, संदीप ना तू? वळखलं न्हाय का मला?" ती आनंदाने ओरडली. मग पटकन मुख्याध्यापिका झाली. "बघ, आपल्या वेळी हजेरीत पाटील, म्हात्रे, कदम, सावंत असायचे. आता यादव, गुप्ता, शेख, थापा. घरी मराठी बोलणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिलीत. कदमांची मुलं कुठं गेली रे?"

एक कदम माझ्या शेजारीच उभी होती, इंग्रजी शाळेतली. मी ढाल छातीशी धरून पाण्याच्या टाकीकडे बघत राहिलो.

"आणि यंदाची पहिली," सुषमा म्हणाली, "अस्मिता थापा. मराठीतसुद्धा हीच पहिली!"

अस्मिता म्हणजे आमच्याच बिल्डिंगच्या वॉचमनची मुलगी! मी रोज तिच्याशी हिंदीत बोलत होतो, तेही मोडक्यातोडक्या.

आता ढाल देऊन पटकन सटकावं म्हटलं, तर सई कुठे दिसेना. बघतो तर स्टेजच्या कडेला टेबलावर जुनी निकालपत्रकं मांडलेली, आणि सई त्यात बोट घालून माझं नाव शोधतेय! मी धावलो. वाटेतल्या चार खुर्च्या पाडल्या.

"बाबा, सापडलं! पण हे हॅंडरायटिंग मला वाचता येत नाहीये," सई म्हणाली. मी सुटकेचा निःश्वास सोडला. इंग्रजी शाळेचे उपकार त्या दिवशी पहिल्यांदा मानले.

"थांब, मी वाचते," अस्मिता मदतीला आली. बक्षिसाबद्दल चार शब्द बोलायला तिच्या हातात नुकताच माईक दिलेला. तिने सुंदर, खणखणीत मराठीत वाचलं, "कदम संदीप. गणित, नापास. मराठी, काठावर पास. शेरा, वर चढवला!"

पटांगण खो खो हसलं. सई माझ्याकडे बघत होती, आणि ती मात्र हसत नव्हती. मला खरोखर लाज वाटली.

"अण्णा..." मी मान खाली घातली. "मी तेव्हा खोटं बोललो."

"माहितेय," अण्णा शांतपणे म्हणाले. "दुसऱ्या दिवशी तुझे टक्के बघायला प्रगतिपुस्तक उघडलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"पेढे वाटून झाले होते रे! चार मजले परत चढून काय सांगू?"

"मग ही ढाल कशाला?"

"म्हटलं, आता तरी खरं बोलशील. तीस वर्षं वाट बघतोय."

आम्ही घरी परत आलो. दारातच सई म्हणाली, "बाबा, मी अस्मिताकडे मराठी शिकणार. तूही बस सोबत." आम्ही दोघं बसतो. अस्मिता मला जास्त ओरडते.

ढालीचं म्हणाल तर पहिल्या नंबराला अण्णांनी नवी ढाल केली. माझ्या नावाची जुनी त्यांनी वाया जाऊ दिली नाही. त्यावरचा 'प्रथम क्रमांक' खरवडून घेतला, आणि सुषमाने ती शेवटून तिसरा येणाऱ्यासाठी ठेवली. यंदा तिचा फोन आला. संदीप कदम ढाल घरी न्यावी लागू नये म्हणून पोरं जीव तोडून अभ्यास करतायत, सातवीचा निकाल कधी नव्हे इतका चांगला लागलाय, आणि म्हणून पालकसभेत माझा सत्कार ठरलाय!