कंडक्टरचा आवाज

मॅट्रिकले होतो तवाची गोष्ट. बहिणीच्या लग्नाचे कपडे घ्यायले बाबासंग यवतमाळले निघालतो. पैसे बाबाच्या कनवटीले होते. पुसदच्या स्टँडवर गर्दी पाहून मले खोडी सुचली. हुबेहूब कंडक्टरच्या आवाजात वरडलो, "खिसे सांभाळा, पाकीटमार फिरून राह्यला."

सगळ्यायचे हात आपापल्या पैशावर गेले. बाबाचाही कनवटीवर गेला. एक माणूस तेवढा सगळ्यायचे हात पाहून राह्यला होता. मंग तो हळूच बाबाच्या मागं येऊन उभा राह्यला.

खरं सांगतलं तं मार होता. मी बाबाच्या कमरेले मिठीच मारली.

"लहान हायेस काय बे? लोकं पाहून राह्यले."

"पाहू द्या, बाबा."

बस आली. चिकटूनच चढलो. तो मागून चढला. यवतमाळ येईपर्यंत म्या हात काढला नाही.